सायकलीचं माप

नातीला जाड टायरांची, गिअरवाली सायकल हवी होती आणि जवळचे पैसे एकाच सायकलीपुरते होते. तिच्या मापाची लाल मला पटली. सून मात्र मोठ्या निळीपाशी अडून बसली.

"आई, वाढतं वय आहे तिचं. ही चांगली पाच वर्षं पुरेल."

आमच्या लहानपणी सगळं असंच वाढत्या अंगाचं घेत. फ्रॉक अंगाला नीट बसेपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. म्हणून मी म्हणाले, "अगं, तिला आज चालवायचीय. निळीवर तिचे पाय जेमतेम टेकतात."

"टेकतात ना? मग झालं तर!"

सुनेने एवढा हट्ट कधी कशासाठीच केला नव्हता. मी कारण विचारलं. तशी ती हँडलवरची धूळ पुसत हळूच म्हणाली, "मला कधी कुणी सायकल शिकवलीच नाही, आई. ही घेतली तर दोघींना चालेल."

मी लाल सायकलीवरचा हात काढून घेतला.

दुकानदाराने पाना उचलला. "सीट कुणाच्या मापाने लावू?"

"आधी आईच्या, काका," नात म्हणाली. "तिला शिकायला वेळ लागेल."