चार बोटं जास्त

"पुन्हा मापात कापलंत ना?" गाडीच्या दाराच्या रबराला कोपऱ्यात पडलेली फट पाहून बायकोने विचारलं.

दिगंबररावांनी मान खाली घातली. तिसऱ्यांदा बसवलेलं रबर उन्हाने आखडलं होतं आणि गाडीत वारा पुन्हा शिट्ट्या मारत होता.

"नवं कापड आटतं, तसंच हे," ती म्हणाली. जन्मभर ब्लाउज शिवलेल्या तिच्या हातांनी नवं रबर चार बोटं जास्त कापलं आणि न ताणता, दाबत दाबत खोबणीत बसवलं.

हायवेला ऐंशीचा वेग घेतला, तरी शिट्टी वाजली नाही. त्या शांततेत शेजारून गाणं ऐकू आलं.

"आज स्वारी खुशीत!"

"मी गाडीत नेहमीच गुणगुणते," ती हसली. "तुमच्या गाडीने कधी ऐकू दिलंय?"

परतताना घराचं वळण आलं. दिगंबररावांनी गाडी सरळ पुढे नेली.