मोडीच्या पाठात मेथी

"बाबा, दहा मिनिटं नुसता तुमचाच चेहरा कोण बघणार? मधेमधे दुसरं काहीतरी दाखवायला हवं," सून म्हणाली.

भास्करराव ओशाळले. मोडी लिपी शिकवणारे त्यांचे तेवीस व्हिडिओ झाले होते, पण शिकलेला माणूस एकही नव्हता. डोळे मिटण्याआधी एक तरी शिष्य मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. सुनेनं त्यांच्या आवाजावर मेथी निवडणाऱ्या सासूबाईंची दृश्यं जोडली.

चाळीस हजार लोकांनी पाहिलं. "काका सारखे मधे का येतात?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. पुढच्या भागात काका चारच सेकंद दिसले, तेही मेथी निथळत होती म्हणून.

"अहो, मनाला लावून घेऊ नका," बायको म्हणाली. "पुढच्या वेळी शेपू निवडते. शेपू कुणालाच आवडत नाही."

भास्कररावांनी फळा आवरायला घेतला, तेवढ्यात पोस्टमननं कार्ड आणून दिलं. पत्ता सोडला तर सगळा मजकूर मोडीत होता, एकही अक्षर न चुकता लिहिलेला. त्यांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, माझा शिष्य विचारतोय, कोवळे देठ घ्यायचे की टाकायचे?"