पाहुणीचं ताट

"माझ्या ताटातलंही तूच संपव," झुल्हुमारने आपलं ताट पुढे सरकवलं. "माझं पोट आजही बिघडलंय."

आयनूरने मान खाली घालून दुसरं ताट जवळ ओढलं. रोज्यांचा महिना, भरदुपार, आणि दोघींच्या वाटणीचा पुलाव एकटीने गिळायचा! घास तोंडात नुसता फिरत होता. समोर झुल्हुमार फोन सरसावून बसलेली. दोन्ही ताटं रिकामी झाल्यावर तिने फोटो काढला आणि वहीत काहीतरी खरडलं.

"रोज पाठवावा लागतो," ती म्हणाली. "ताट चाटूनपुसून साफ दिसलं पाहिजे."

ही बाई सरकारने धाडलेली 'नातेवाईक'. गल्लीतल्या प्रत्येक उइगुर घराला अशी एकेक चिकटवून दिलेली होती. दर दोन महिन्यांनी यायचं, आठवडाभर राहायचं, घरच्यांच्याच चुलीवरचं खायचं आणि कोण रोजा धरतं, कोण नमाज पढतं ते लिहून न्यायचं. आधी यायची ती चिनी होती. झुल्हुमार मात्र उइगुरच, शहरातली शाळामास्तरीण. आपल्यातली बाई जास्त वाईट, असं गल्लीत सगळ्यांचं मत. चिन्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नाहीत.

आयनूरचा नवरा तुर्घुन दोन वर्षं सरकारच्या 'सुधारणा' शिबिरात कोंडलेला होता. गुन्हा काय, तर बापाच्या मयताला उघड्यावर दुआ म्हटली! या महिन्याच्या सुटकेच्या यादीत त्याचं नाव येण्यासारखं होतं. नातेवाइकाची शिफारस तेवढी हवी होती. त्या एका कागदासाठी आयनूरने दगडसुद्धा चावून खाल्ले असते.

"या घरात पश्चिम कुठल्या बाजूला गं?" दुसऱ्याच दिवशी झुल्हुमारने विचारलं होतं.

रोज अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवामागे सूर्य मावळायचा आणि तुर्घुन नमाजाला तिकडेच तोंड करून उभा राहायचा.

"मला नाही बाई माहीत, ताई."

"वा!" झुल्हुमार हसली. "असंच सांगत जा."

टोमणाच तो.

संध्याकाळी झुल्हुमार त्या मांडवाखाली जाऊन उभी राहायची. भिंतीवरचं ऊन उतरलं, की खिशातून एक सुकं जर्दाळू काढून तोंडात टाकायची. मग आत येऊन दोन वाडगे शेवयांचं सूप फस्त करायची. म्हणे पोट बिघडलंय!

आयनूर काही दुधखुळी नव्हती. गेल्या साली शेजारच्या होर्निसाकडे आलेल्या नातेवाइकीणबाईने हेच केलं होतं. रोजा धरल्याचं सोंग आणलं, होर्निसाला माया आली आणि ती कुठे बोलली नाही. पाहिलंस तरी कळवलं नाहीस, म्हणून तिला आणि तिच्या नवऱ्याला नेलं. तिची पोरं आता आईबाप जिवंत असून सरकारी अनाथालयात आहेत.

पाचव्या दिवशी दुपारी फोटो काढून झाल्यावर झुल्हुमारने वही मिटली. "उद्या सकाळी अहवाल देते. तुला मला काही सांगायचंय?"

"नाही, ताई."

"काही दिसलं, काही वाटलं?"

"काहीच नाही."

झुल्हुमार तिच्याकडे बघत राहिली. "शहाणी आहेस," ती हळूच म्हणाली आणि पडवीत जाऊन आडवी झाली.

ही शेवटची संधी होती, अगदी होर्निसाला दिली होती तशी! नान आणायच्या निमित्ताने ती बाहेर पडली आणि तडक मोहल्ल्याच्या सरकारी समितीच्या कचेरीत गेली.

सचिवासमोर तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. भरलेली ताटं, मांडव, मावळतीचं जर्दाळू. मग धीर करून ती म्हणाली, "परीक्षा होती हे कळलं मला, साहेब. पास झाले ना मी?"

सचिवाने शहरात फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं आणि खाली ठेवला.

"कुणीच परीक्षा लावली नव्हती," तो म्हणाला.

अर्ध्या तासात दोन शिपाई झुल्हुमारला घेऊन आले. तिच्या कोटाच्या खिशात चार जर्दाळू निघाली. आयनूरला वाटलं, आता ही थुंकेल तोंडावर, शिव्याशाप देईल. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"पोट दुखत नाही ना गं?" झुल्हुमारने विचारलं. "दोन दोन ताटं खायला लावली तुला."

तिला आतल्या खोलीत नेलं. दार लागलं. सचिवाने तिची वही उघडून वाचायला सुरुवात केली.

"'आयनूर रोज दुपारी पोटभर जेवते. पश्चिम कुठली तेही तिला ठाऊक नाही. या घरात धर्माचा मागमूस नाही. नवऱ्याला विनाविलंब घरी पाठवावं.'"

आयनूरने टेबलाची कड धरली.

सचिवाने पानावर काट मारली, वही बाजूला सारली आणि तिच्यासाठी चहा मागवला.

"बरं झालं आजच आलात," तो म्हणाला. "उद्या सोडून बसलो असतो त्याला."