आतली ओल

"आई, आतून कोरडा झाल्याशिवाय बाहेरून वाळवू नको. उन्हात टाकू नको, घडी घालू नको. जाड बांबूवर टांगून ठेव."

विजय सुटीवर आला की आपला पाण्यात उतरायचा पोशाख आईकडे देत हेच बजावायचा. पहाडातल्या एका धरणाची दारं दुरुस्त करायला बर्फासारख्या पाण्यात उतरणारा पाणबुड्या होता तो. हा रबरी पोशाख घातला की पाणी अंगाला लागत नसे.

"मंग आत ओल कायची रे?" मनकर्णाबाईंनी एकदा विचारलं होतं.

तो हसला. "माह्या घामाची. म्हणून तर वास मारते."

सत्याऐंशीच्या मार्गशीर्षात तो धरणात उतरला, तो वर आलाच नाही. सापडलाही नाही. पांढुर्ण्याला घरी त्याची ट्रंक तेवढी आली, आणि ट्रंकेत त्याचा हा दुसरा, सुटीत घरी आणायचा पोशाख.

घरात जाड बांबू एकच, देवघरातल्या सोवळ्याच्या वळणीचा. मनकर्णाबाईंनी त्याच्यावर पोशाख टांगला. आत कडुलिंबाचा पाला घातला, गळ्याच्या रबराला पावडर लावली. इतर व्रतांसारखं हेही रोजचं होऊन बसलं.

सून स्मिता कुंकू पुसायला तयार नव्हती. जेवायलाही. भिंतीला टेकून बसायची. मनगटातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकू लागल्या.

एका सकाळी मनकर्णाबाई पोशाख खाली घेत होत्या. स्मिता उठून आली. पोशाखाच्या गळ्यात हात घालून तिने बोट जिभेला लावलं.

"आई, खारट आहे! घाम आहे त्यांचा. रात्री येऊन गेले ते. मेलेल्या माणसाले घाम येते का?"

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मग रोजच आत ओल निघायची. रोज मनकर्णाबाई ती पुसायच्या, आणि स्मिता ताटावर बसायची.

मोहगावहून तिचा भाऊ हिरामण आला, तो तणतणतच.

"मावशी, लोकं हसून राहिले. हीच पाणी टाकते अन् हीच म्हणते नवरा आला! मी नेतो हिले. नागपूरले दाखवतो."

"मी नाही टाकत, दादा."

"मंग काय भूत टाकून राहिलं?"

"सोवळ्याच्या बांबूले ती हात नाही लावत, हिरामण," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. "देवासमोर सांगते."

हिरामणने वर बांबूकडे पाहिलं. कपातला चहा निवून गेला, आणि तो आला तसा एकटाच परत गेला.

"उद्या येतील नं, आई?" रात्रीच्या ताटावर स्मिताने विचारलं.

"येईल. मी सांगून राहिली नं? दोन घास जास्त खाय."

पहाटे मनकर्णाबाईंनी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. पोशाख खाली घेऊन त्याच्या गळ्यात तोंड खुपसलं. पहिल्या दिवशी डोळ्यांचं पाणी पुरलं होतं. आता तेही आटलं होतं.

त्या उठल्या, आणि लोट्यातल्या पाण्यात त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं.