भोंग्यावरचं उत्तर

नगरपालिकेच्या माहिती-यंत्रासमोर इंदुमती खरवडे उभ्या राहिल्या, तेव्हा लिपिक अझीम कळवळून म्हणाला, "काकू, अर्ज मागे घ्या. हे यंत्र काही लपवत नाही, अन् उत्तर चौकाचौकांतल्या भोंग्यांवर जातं."

"जाऊ दे की! दोन वर्षं टोलवलंत मला. ह्यांच्यासाठी निघालेली रुग्णवाहिका कुणामुळे परत फिरली, ते गावालाही कळू दे." हरिनाम घेत त्यांनी बटण दाबलं.

गावभर गोड आवाज घुमला, "रुग्णवाहिका रस्त्यात घातलेल्या कीर्तनाच्या मंडपामुळे परत फिरली. मंडपाची परवानगी मागणाऱ्या होत्या इंदुमती खरवडे."

काकूंनी कानांवर घट्ट हात दाबले. "अरे, बंद कर रे ते!"

अझीमची मान वर होईना. "नियम आहे, काकू. अजून दोनदा वाजणार."