मेन स्विचपाशी

पाचवा फ्यूजही उडाला, तेव्हा तिने न सांगताच भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि यंत्राचा प्लग काढून मांडीवर घेतला. प्लग तिच्या मांडीवर आल्याशिवाय नवऱ्याने आत बोट घालायचं नाही, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलं होतं. दूरच्या लोकांशी बोलायच्या त्याच्या हॅम रेडिओचा आवाज वाढवणाऱ्या त्या ॲम्प्लिफायरच्या पोटात अडीच हजार व्होल्ट असायचे. असल्या यंत्राशी एकट्याने झोंबायचं नसतं, शेजारी कुणीतरी लागतं. ते कुणीतरी गेली छत्तीस वर्षं तीच होती. त्या स्टुलावर बसून तिने तीन स्वेटर विणले होते, धाकट्या लेकीचे पाढे घेतले होते. आताशा ती नुसतीच बसायची.

आजचा तिसरा दिवस. कधी यंत्र तासभर नीट चालायचं, कधी पाचव्या मिनिटाला फ्यूज जायचा. नवऱ्याने आतला पंखा साफ केला, एकेक वायर हलवून पाहिली, अर्धी जोडणी उसवून पुन्हा केली. दोष काही हाती लागत नव्हता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचं मनमोकळं बोलणं व्हायचं ते संध्याकाळी रेडिओवर, कधी न पाहिलेल्या चार मित्रांशी. पण समोर बारा मजली इमारत उभी राहिली आणि नुसत्या सेटचा आवाज तिच्यापलीकडे पोचेनासा झाला. ॲम्प्लिफायर बंद पडून बसला, तसा घरात तोही गप्प बसला होता.

दुपार कलली होती. तिचे गुडघे भरून आले होते. त्याने मीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. तो हात आत घालायला वाकला.

"काठी लावली का?" तिने विचारलं.

काठी म्हणजे एक लाकडी दांडा, टोकाला पितळी आकडा, आणि आकड्यापासून थेट जमिनीत गेलेली तार. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते. काठी टेकवून ती जमिनीत सोडायची, मगच हात घालायचा.

"लावली की," तो म्हणाला.

ती तर समोरच बसली होती. फ्यूज उडाल्यापासून काठी खिळ्यावरून हलली नव्हती. तो थाप मारत असता तर तिला बरं वाटलं असतं. थाप मारताना त्याचे कान लाल व्हायचे. आत्ता ते नेहमीसारखेच होते.

"थांबा."

प्लग स्टुलावर ठेवून ती उठली. त्याचं मनगट धरून बाजूला केलं, काठी काढली आणि तो जिथे हात घालणार होता, तिथेच आकडा टेकवला.

खाडकन आवाज झाला. निळी ठिणगी उडाली. आकड्याचं टोक काळं पडलं आणि खोलीत जळका वास पसरला.

मग त्याचे डोळे चमकले आणि तो भराभरा सांगू लागला. यंत्र बंद केल्यावर वीज आपोआप निचरून जावी म्हणून कपॅसिटरवर रेझिस्टर बसवलेले असतात, त्यातला एक नक्की तुटलाय. म्हणून वीज आत राहिली. म्हणून काटाही खोटं शून्य दाखवत होता. म्हणूनच एका कपॅसिटरवर जास्तीचा ताण पडत होता आणि फ्यूज उडत होते. तीन दिवस डोकं फोडत होतो, तो म्हणाला, आणि तू एका झटक्यात दोष शोधून दिलास.

ती हसली नाही. काठी हातात तशीच होती.

"तुम्ही काठी लावली होती?"

तो लगेच हो म्हणणार होता. मग त्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, आकड्याच्या काळ्या टोकाकडे पाहिलं, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आणि खुर्चीत बसला.

"मला दिसतंय गं," तो म्हणाला. "खिळ्यावरून काढली, टेकवली, परत अडकवली. अगदी डोळ्यासमोर दिसतंय."

बोलायची वेळ हीच होती. हे लोढणं उचलून कुणाला तरी देऊन टाका, हे वाक्य ती कितीतरी दिवस तोंडात घोळवत होती. परवा तो भाजी आणायला गेला आणि रिकाम्या पिशवीने परत आला. गेल्या महिन्यात त्याने धाकटीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. दोन्ही वेळा ती हसून मोकळी झाली होती. आता तिने तोंड उघडलं, पण त्याच्याकडे पाहिल्यावर शब्द आतच राहिले. तिला फार दमल्यासारखं झालं.

तिने पुन्हा काठी टेकवली. आवाज आला नाही. तिसऱ्यांदा टेकवली आणि आकडा तिथेच अडकवून ठेवला. मग चष्मा चढवून त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला.

"कुठला, ते सांगा."

त्याने सांगितलं. डावीकडून तिसरा, कडेने करपलेला, आधी त्याचा वरचा स्क्रू. आवाज अगदी शांत होता, खात्यात नव्याने आलेल्यांना शिकवताना असायचा तसा. आणि डावा हात पाठीमागे ठेव, तो म्हणाला, दोन्ही हात आत असले की झटका छातीतून आरपार जातो.

तिने डावा हात पाठीमागे नेला. तो उठून मागे आला आणि त्याने तो हात धरला.

यंत्रात हात घातलेल्या माणसाला शिवायचंसुद्धा नाही, हे तिला त्यानेच बजावून सांगितलं होतं. तिने हात सोडवून घेतला नाही. स्क्रू घट्ट बसला होता. तो एका हाताने सैल व्हायला बराच वेळ लागला.