लंगडण्याची तालीम

"अरे, लंगड की जरा!" कुसुमताई नवऱ्याच्या यांत्रिक पायावर ओरडल्या. पाय मात्र सदोबांना घेऊन ओसरीभर ऐटीत फिरत राहिला.

"मला खोटं चालता येत नाही," पाय म्हणाला.

उद्या कचेरीत अपंगत्वाचा दाखला मागायचा होता. गेल्या खेपेला साहेबांनी चाल बघून शेरा मारला होता, 'अर्जदार धडधाकट.' यंदाही दाखला हुकला, तर पायाची सरकारी दुरुस्ती बंद. म्हणजे पायच बंद.

"मग तुला घरीच ठेवते."

"एकट्याला?" पायाने हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी कुबड्यांवरच्या सदोबांना पाहून साहेबांनी मुकाट्याने शिक्का मारला. मग कुसुमताईंच्या कडेवरच्या, शालीत गुंडाळलेल्या गाठोड्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"आमचं शेंडेफळ," कुसुमताई म्हणाल्या. "घरी एकटं राहत नाही हो."